पाचवा पत्ता

१

वेदिकाला कुणी मारलं हे सगळ्या दिंडोरी तालुक्याला ठाऊक होतं. तिचा नवरा संतोष, विंचूरचा. चौदा ऑक्टोबरला सकाळी नऊ वाजता चिंचशेत गावाच्या कारभारी मळ्यात, ती लपून राहत होती त्या खोलीच्या दारात त्याने तिच्यावर कोयता चालवला. पळूनसुद्धा गेला नाही. उंबऱ्यावर बसून तंबाखू मळली आणि पोलीस आल्यावर उठून गाडीत जाऊन बसला. माणूस सापडला, हत्यार सापडलं, साक्षीदार चार. पोलिसांना आणखी काय पाहिजे होतं?

म्हणून सव्वा महिन्याने वेदिकाची आई गोजराबाई माझ्या नाशिकरोडच्या घरी आली तेव्हा मला कळेना, हिला आता शोधायचं तरी काय आहे. खुर्ची दिली तर बसेना, फरशीवरच बसली. पाणी दिलं तर पेला नुसता हातात धरून ठेवला.

"बाई, मला येवढंच सांगा," ती म्हणाली. "म्या सांगितलं का?"

"काय सांगितलं?"

"तिचा पत्ता. जावयाला. म्याच सांगितला म्हणत्यात सगळी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. वेदिकाने सहा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला. मरण्याच्या आठ महिने आधी त्याने तिचा हात मोडला, तेव्हा ती प्लास्टर घातलेल्या हातानेच निघून गेली. कुठे राहते ते तिने घरच्यांपैकी एकट्या आईला सांगितलं आणि शपथ घातली. आता ती मेली, तर सांगणारं दुसरं कोण असणार? हा सवाल गोजराबाईच्या मुलाने, ज्ञानेशने, भर मयतीत मोठ्याने विचारला. तेव्हापासून घरात तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. नातवंडं जवळ गेली की हाक मारून आत बोलावली जात. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा भावकीतल्या चौघांनी हात धरून तिला लांब नेऊन बसवलं. तिकडे कावळा शिवला आणि सगळ्या गावाची खात्री पटली.

"तुम्ही सांगितलं नसेल तर नाही म्हणा ना," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. मुळुमुळु रडणाऱ्या माणसांचा मला राग येतो.

"म्हणलं व्हतं बाई. पयल्यांदा नायच म्हणलं." तिने पेला खाली ठेवला. "पण आता मला आठवाया लागलंय. गडावर जत्रंत त्याची आत्या भेटली व्हती. तिच्याशी बोलले आसंल मी. बोललेच आसंल."

२

ही बाई माझ्याकडे का आली तेही सांगते. मी उज्वला यादव. तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते, म्हणजे जमिनी मोजायच्या आणि भांडणाऱ्या दोन भावांच्या मधोमध उभं राहून हद्द कुठे आहे ते सांगायचं. बारा वर्षांपूर्वी गोजराबाईच्या बांधाची मोजणी मी केली होती आणि निकाल तिच्या विरुद्ध दिला होता. हातभर जमीन गेली तिची. माझ्या जिभेला हाड नाही असं लोक म्हणतात, पण मी खोटी हद्द दाखवली असं अजून कुणी म्हटलेलं नाही. तेवढ्या भरवशावर ती वणीहून बस बदलत आली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. वणीच्या अलीकडे रस्त्यालाच घर, आणि घराला लागून ज्ञानेशचं दुकान. सातबारा काढून मिळेल, झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज. ज्ञानेश पस्तिशीचा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला चुरचुरीत.

"मॅडम, तुमी कशाला तरास घेतला? उघडं हाय सगळं. म्हातारीच्या तोंडात तीळ भिजत नाय."

गोजराबाई ओट्यावरच बसली होती. तिच्या देखत बोलत होता तो.

"तिने सांगताना तू ऐकलंस का?"

"ऐकायला कशाला पायजे? दुसऱ्या कुणाला ठाव होतं? आन् सांगितलं तेबी धड नाय. तीन ठिकाणी भटकला तो मानूस, तवा कुठं सापडली. नीट सांगितलं असतं तर..." तो थांबला. "जाऊ द्या. बहीण गेली माझी."

त्याची बायको प्रतिभा चहा घेऊन आली. खाली मान घालून उभी राहिली. ही संतोषची सख्खी बहीण. दोन्ही घरांत साटंलोटं झालेलं: वेदिका तिकडे दिली, प्रतिभा इकडे आणली, एकाच मांडवात दोन लग्नं. अशा सोयरिकीत एक पोरगी नांदेनाशी झाली की दुसरीला तिच्या माहेरचे उचलून नेतात. "आमची सून पाठवा, मग तुमची सून न्या" असा रोकडा व्यवहार. वेदिका पळाली त्याच आठवड्यात प्रतिभाला विंचूरला नेऊन ठेवलं होतं. तिची दोन मुलं मात्र इकडेच राहिली.

"बातमी आली तेव्हा तू कुठे होतीस गं?" मी विचारलं.

"इथंच. आदल्याच दिवशी आले व्हते."

"प्रतिभा, दूध उतू जातंय बघ," ज्ञानेश म्हणाला.

ती आत गेली. मला दुधाचा वास काही आला नाही.

३

चिंचशेत हे दिंडोरी तालुक्यातलं द्राक्षाचं गाव. गावठाण एका टोकाला आणि माणसं सगळी मळ्यांत पांगलेली. वेदिकाला खोली देणारे खंडेराव कारभारी सत्तरीचे, सभ्य गृहस्थ. डोळ्यांत अजून भीती होती त्यांच्या.

"पोरगी लय गुणाची. दिवसभर लॅपटॉपवर काम करायची," ते म्हणाले. "मला म्हनली, काका, माझं नाव कुणाला सांगू नका. म्या बायकोलाबी दुसरंच नाव सांगितलं."

मी गोजराबाईला येतानाच विचारून घेतलं होतं, लेकीने नेमकं काय सांगितलं होतं ते. तिला पत्ता म्हणून काही ठाऊक नव्हता. "चिंचशेतच्या फाट्यावर उतर, निळी टाकी दिसंल, टाकीच्या मागं पत्र्याची खोली." एवढंच. मी फाट्यावर उतरले, निळी टाकी समोर दिसली, सहा मिनिटांत मी पत्र्याच्या खोलीच्या दारात उभी होते. वाटेत कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही.

मग ज्ञानेश म्हणाला तसा संतोष भटकला कुठे? पोलिसांच्या कागदात तर फक्त खोलीचा उल्लेख होता. मी मोजणीच्या सवयीने निघाले, खोलीपासून बाहेर, वाट दिसेल तिकडे, भेटेल त्याला विचारत. दोन दिवस गेले त्यात.

ग्रामपंचायतीचा शिपाई वाळू म्हणाला, "साडेसातला आला व्हता की. कुलूप व्हतं. फोनमधी बघत हापिसाभवती दोन चकरा मारल्या. म्या इचारलं कोन पायजे, तर बोलला नाय. फटफटी काढून गेला."

ग्रामपंचायतीपासून दीड किलोमीटरवर, वस्तीचा मागमूस नसलेल्या एका द्राक्षबागेत छाटणीच्या टोळीतली बयाबाई भेटली. तिने तर त्याला वेलींच्या ओळीत मधोमध पाहिलं होतं.

"ना घर, ना झोपडं. आन् ह्यो बाबा तारांखाली वाकून फिरतोय. म्या म्हणलं, काय हरवलं रं? तर म्हणतो, इथंच दाखवतंय. फोन पुढं केला माझ्या. मला काय कळतंय त्यातलं?"

"किती वाजले होते?"

"न्याहारी सोडली व्हती आमी. सव्वाआठ."

आणि नऊला तो खोलीच्या दारात. मी बयाबाईच्या शेजारी बांधावर बसले. मला एकदम हलकं वाटलं. आईने सांगितलं असतं तर तो फाट्यावरून टाकी बघून सहा मिनिटांच्या आत पोचला असता. माणूस पत्ता सांगतो तो टाकी, चिंच, देऊळ, वळण असा सांगतो. वेलींच्या मधोमध कुणाला पाठवायचं तर ते यंत्रालाच जमतं. गोजराबाईने सांगितलं नव्हतं.

परत येऊन मी खंडेरावांना विचारलं, ती लॅपटॉपवर काम तरी कसलं करायची.

"पत्त्याचंच काय तरी," ते म्हणाले. "नाशिकचे दोघं व्हते तिच्याबरूबर. महेश आन् हर्षल. पत्ता टाकला की नकाशात जागा दावायची, आसं काय तरी बनवीत व्हते."

४

हर्षल इंदिरानगरला राहतो. तिशीचा, दाढीवाला, घाबरट. मी आल्याचं कारण सांगताच त्याने पाणी मागवलं, माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

त्याने समजावलं ते मी साध्या शब्दांत सांगते. आठ-दहा जण मिळून 'ठिकाण' नावाचा एक फुकट प्रोग्रॅम बनवत होते. आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायचा, पत्त्यांची यादी द्यायची, की नकाशावर ठिपके पडतात. वाचनालयं, बियाणं गट, आरोग्यसेविका यांच्यासाठी. ओपन सोर्स, म्हणजे आतलं सगळं लिखाण जगाला उघडं, कुणीही वाचावं, कुणीही सुधारावं. पण पत्त्याचं ठिकाण हा प्रोग्रॅम स्वतः जाणत नाही. तो इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेला विचारतो. कोणती सेवा घ्यायची यावर यांची चार महिने भांडणं चालली होती.

"एक परदेशी कंपनी आहे," हर्षल म्हणाला. "पण ती चावी देते, म्हणजे एक गुप्त आकडा, तिच्याशिवाय उत्तर देत नाही. आमचं लिखाण उघडं, मग चावी ठेवायची कुठे? दाराला कुलूप लावून चावी दारालाच टांगल्यासारखं. कुणीही उचलणार, वापरणार, आणि कंपनी आमचं दार बंद करणार. दुसरी सेवा लोकांच्या देणग्यांवर चालते. चावी नको, पण सावकाश विचारा, सेकंदाला एकच प्रश्न. महेशसर तिच्या बाजूचे. आणि तिसरी..."

"तिसरी?"

"माझी. माझ्या घरचा सर्व्हर. वेळेचं बंधन नाही, चावी नाही."

"आणि विचारलेला प्रत्येक पत्ता तुझ्या घरी लिहिला जातो."

कपाळावर घाम आला त्याच्या.

"लिहिला जातो," तो म्हणाला. "पोलीस आले असते तर मी सांगितलं असतं. कुणी आलंच नाही."

"वेदिकाचा पत्ता आहे त्यात?"

"आहे."

मला त्याला धरून हलवावंसं वाटलं. पण आधी मी म्हणाले, "तो पत्ता आत्ता टाक. तुझा सर्व्हर कुठे दाखवतो ते बघू."

त्याने टाकला. चिंचशेत, गट नंबर ११७, कारभारी मळा. ठिपका पडला तो बयाबाईच्या द्राक्षबागेत, वेलींच्या मधोमध.

"माझ्याकडे मळ्यांची नावं नाहीत," तो पुटपुटला. "नाही सापडलं की गटाच्या आसपासचा अंदाज देतो."

"कंपनीची सेवा?"

त्याने विचारून दाखवलं. ग्रामपंचायत. गाव माहीत, पुढचं माहीत नाही, म्हणून गावाचा मध्य.

"आणि महेशची?"

ठिपका पत्र्याच्या खोलीवर पडला. अगदी दारात.

ग्रामपंचायत, द्राक्षबाग, खोली. साडेसात, सव्वाआठ, नऊ. हर्षलने चोरून पत्ता विकला असता तर संतोष नुसत्या बागेत भटकून परत गेला असता. तिन्ही उत्तरं त्याच्याजवळ होती, आणि कोणतं खरं ते त्याला ठाऊक नव्हतं.

"ही तिन्ही उत्तरं एकत्र कुठे लिहिली आहेत का?"

"आहेत ना. मतदान घेऊन सेवा ठरवायची होती, म्हणून आधी परीक्षा घेतली. चाळीस पत्ते, तिन्ही सेवांना विचारले. तीन रकाने. पहिला कंपनीचा, दुसरा माझा, तिसरा महेशसरांचा."

"ती यादी कुणाकुणाकडे होती?"

हर्षलने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं.

"मॅडम, ओपन सोर्स आहे," तो म्हणाला. "यादी उघड्यावरच ठेवली होती. सगळ्या जगासाठी."

५

महेश कॉलेजात शिकवतो. गंगापूर रोडला फ्लॅट, भिंतीवर मानपत्रं, बोलण्यात 'समाज' हा शब्द वारंवार.

"मॅडम, त्या यादीत नाव नव्हतं कुणाचं," त्याने मी विचारायच्या आधीच सांगितलं. "तपासनीस एक, तपासनीस दोन, असे आकडे. आठ तपासनीस, प्रत्येकी पाच पत्ते. नियम एकच होता, ज्या जागी तुम्ही स्वतः उभे राहिलात तोच पत्ता द्यायचा. नाहीतर उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार कसं?"

नियम बरोबरच होता. मोजणीतसुद्धा पक्क्या दगडापासूनच सुरुवात करतात. पण सहा वर्षं ज्या बाईला नवऱ्याने उंबऱ्याबाहेर सोडलं नाही, तिला पक्क्या अशा जागा किती ठाऊक असणार? हा विचार या विद्वानाला शिवला नव्हता.

"वेदिका कितवी?"

"सहावी."

"यादी कधी टाकली?"

"नऊ तारखेला. नुसती उत्तरं. बरोबर-चूक खुणा नंतर लावायच्या होत्या."

"आणि तिने तुम्हाला काय लिहिलं होतं?"

तो उठून पाणी प्यायला गेला. हर्षलने मला तो निरोप आधीच दाखवला होता, गटात सगळ्यांना दिसला होता तो. अकरा तारीख, सकाळ. 'सर, माझा पाचवा पत्ता माझ्या घराचा आहे. चुकून टाकला. कृपया ती ओळ लगेच काढा.' खाली महेशचं उत्तर: 'मतदान पंधराला आहे. तोवर राहू दे. यादीत बदल केला तर लोक शंका घेतील.'

"कोण शंका घेणार होतं?" मी विचारलं.

"प्रक्रिया असते मॅडम."

"प्रक्रिया गेली खड्ड्यात. तुमच्या सेवेची किती उत्तरं बरोबर आली?"

"बावीस."

"हर्षलची?"

"एकवीस."

"तिचा पत्ता काढला असता तर?"

एकवीस-एकवीस झाले असते. चाळीस पत्त्यांत कारभारी मळा एकट्या याच्या सेवेने बरोबर दाखवला होता, आणि तोही का, तर तो मळा त्या सेवेच्या, कुणीही भर घालावी अशा नकाशात वेदिकानेच स्वतःच्या हाताने काढला होता. एका गुणासाठी या माणसाने ती ओळ चार दिवस टांगून ठेवली.

"ती चौदाला मेली," मी म्हणाले. "मतदान झालं?"

"झालं. पंधराला." तो खाली बघत म्हणाला. "तिचं कामही त्यात होतं. ते वाया जाऊ नये असं सगळ्यांनाच... दोन मिनिटं शांत उभे राहिलो आम्ही आधी."

"आणि मग तिची ओळ धरून जिंकलात."

शेजाऱ्याचा बांध कोरून जमीन लाटणारे मी आयुष्यात बरेच बघितले. त्यांना निदान जमीन तरी हवी असायची. हा माणूस समोर बसला होता आणि मला त्याची किळस आली, ती मी तोंडावर सांगितली. त्याने ऐकून घेतलं. वर म्हणाला, "पण नाव नव्हतंच. तिच्या नवऱ्याला चाळीसांतला तिचा कोणता हे कळणार कसं होतं?"

प्रश्न मात्र बरोबर होता. मी यादी छापून मागितली आणि सहाव्या तपासनिसाचे पाच पत्ते वाचले. सप्तशृंगीच्या पायऱ्यांचं प्रवेशद्वार. वणीजवळची एक जिल्हा परिषदेची शाळा. तालुक्याचं रुग्णालय, जिथे तिच्या हाताला प्लास्टर घातलं होतं. गोजराबाईचं घर, गट नंबरासकट. आणि पाचवा, कारभारी मळा.

सासरच्या घराचा पत्ता तिने दिला नव्हता. बावीस ते अठ्ठावीस, सहा वर्षं ती तिथे राहिली होती.

परक्याला ही यादी म्हणजे चाळीस निर्जीव ओळी. पण ज्याला यातले चार पत्ते स्वतःच्या तळहाताइतके ओळखीचे आहेत, त्याला पाचवा कुणाचा हे विचारावं लागत नाही. मी ओळ पुन्हा वाचली. गोजराबाईच्या घराचा गट नंबर. तो नंबर दुकानात बसून कॉम्प्युटरवर कोण टाकतं, हे मी डोळ्यांनी बघून आले होते.

६

दोन दिवसांनी मी सहादू हवालदारांना बरोबर घेऊन वणीच्या अलीकडे उतरले. सहादू माझ्या मोजणीच्या बंदोबस्ताला यायचे, जुनी ओळख. घरात शिरण्याआधी ते हळूच म्हणाले, "म्हातारीला बाहेर पाठवू या का? तिच्यासमोर नको."

मी विचार केला. तिला फक्त एवढंच सांगून परत जाता आलं असतं, तुम्ही सांगितलं नाही. तिने तेवढंच मागितलं होतं. पण मग कुणी सांगितलं, हे तिने विचारलंच असतं, आणि घरात रोज तोच तोंड वर करून तिला खुनी म्हणत राहिला असता. "नाही," मी म्हणाले. "तिच्यासमोरच."

ज्ञानेश, प्रतिभा, गोजराबाई, तिघंही पडवीत बसली. मुलं शाळेत गेली होती.

"गोजराबाई, तुम्ही सांगितलं नाही," मी म्हणाले. "तुम्ही निळी टाकी सांगितली असती. संतोष टाकीकडे आलाच नाही. तो आधी ग्रामपंचायतीत गेला, मग द्राक्षबागेत, मग खोलीवर. एका यादीत त्या पत्त्यापुढे हीच तीन ठिकाणं याच क्रमाने लिहिली होती. ती यादी ज्याने त्याला दिली त्याने सांगितलं."

"कुणी?" गोजराबाई म्हणाली.

मी ज्ञानेशकडे वळले. "तो तीन ठिकाणी भटकला हे तुला कसं कळलं? पोलिसांना ठाऊक नव्हतं. मला ते शोधायला दोन दिवस लागले."

"गावात बोलत होते..."

"चिंचशेतच्या शिपायाने एक जागा पाहिली, छाटणीवालीने दुसरी. दोघांची गाठसुद्धा पडलेली नाही. तीन हा आकडा फक्त ज्याने तीन ठिकाणं पाठवली त्यालाच माहीत. यादीत तुमच्या घराचा गट नंबर होता. तोच टाकून तू सातबारा शोधतोस. इंटरनेटवर तो टाकलास तशी ही उघडी यादी वर आली, शेजारी शाळा दिसली, गड दिसला, दवाखाना दिसला, आणि पाचवं गाव अनोळखी दिसलं."

"मी फक्त..."

"प्रतिभा," मी म्हणाले, "तू तेरा तारखेला परत आलीस. वेदिका नांदायला गेली नव्हती, मग तुझ्या माहेरच्यांनी तुला सोडलं कसं? आठ महिने पोरांना भेटू दिलं नाही, आणि त्या दिवशी सोडलं?"

प्रतिभाने पदर तोंडात धरला. मग बोलली ती एका दमात.

"दादा म्हणला, जा आता. तुझ्या नवऱ्यानं दिलं जे द्यायचं ते. मला वाटलं माफी मागितली ह्यांनी. सकाळी बातमी आली तवा मी ह्यांच्याकडं बघितलं, आन् हे आईंकडं बोट करून वरडले."

सहादूंनी कागद काढला.

"समेट करायला जातो म्हणला तो!" ज्ञानेश ओरडला. "शपथेवर. घेऊन येतो म्हणला. तीन जागा पाठवल्या, त्यातली कोणची ती मलाबी ठाव नव्हतं. माझी बायको तिकडं अडकवलेली, पोरं रातदिस रडत्यात. मी काय करायचं व्हतं?"

"तिचा हात त्याने मोडला होता, तेही ठाव नव्हतं?"

तो उठला आणि आईपुढे गुडघ्यावर बसला. दीड महिन्यात पहिल्यांदा त्याने तिला हात लावला असेल.

"आये, तू म्हण ना. तूच सांगितलं म्हण. तुला काय करणार हायेत हे? म्हाताऱ्या मानसाच्या तोंडून निघालं, सोडून देतील. मला नेलं तर पोरांचं काय? आये, सगळ्या गावाला तसंच वाटतंय, आता नवं काय सांगायचं नाय तुला. नुसतं हो म्हण."

मी हे सगळं ऐकत होते आणि माझी खात्री होती की ती हो म्हणेल. आया म्हणतात. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला वाटलं, झालं, माझी दहा दिवसांची पायपीट पाण्यात गेली.

तिने मान वर करून मला विचारलं, "बाई, नक्की ना? म्या नाय सांगितलं?"

"नक्की."

"आत्याला बोलले, ते बी नाय?"

"पत्त्याचं नाही बोललात. ते तुमच्या मनात यांनी घातलं."

गोजराबाईचा हात त्याच्या डोक्यावर तसाच होता.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "तो दारात उभा ऱ्हायला तवा तिच्या मनात आलं आसंल, आईनं दगा दिला. रोज तेच वाटायचं. जेवताना बी तेच." तिने श्वास घेतला. "तसंच वाटलं आसंल रं तिला. दुसऱ्या कुणाला ठावच नव्हतं. ती तसंच समजून मेली."

वेदिकाला ती यादी आठवली असेल, असं मी म्हणू शकले असते, पण ती हद्द मला मोजता येणार नव्हती.

तिने त्याच्या डोक्यावरचा हात काढला आणि लुगड्याला पुसला. मग सहादूंकडे वळून बसली.

"लिवा," ती म्हणाली. "ह्यानं सांगितलं. ज्ञानेश नाव. माझ्या पोटचा हाय, तेबी लिवा."

"आये!"

सहादू लिहीत होते. ज्ञानेशने तिचे पाय धरले, प्रतिभा भिंतीला डोकं टेकून रडत होती, रस्त्यावर एक ट्रॅक्टर थांबून लोक डोकावू लागले होते. गोजराबाईने त्यातल्या कुणाकडेच पाहिलं नाही. लिहून संपेपर्यंत ती कागदावरचं पेन बघत राहिली, आणि मग विचारलं, "अंगठा कुठं द्यायचा?"